वेताळ टेकडीची फेरी: पळायला शिकायचं ते उतारावर

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहिल्यांदा पळायला येणारे बहुतेक जण चढाची धास्ती घेऊन येतात. पण चढावर फार तर दम लागतो, आणि दम लागला की माणूस आपोआप चालू लागतो. मुरगळलेले घोटे, सोललेले तळहात, दोन दिवस जिना उतरू न देणाऱ्या मांड्या हे सगळं उतारावर घडतं. म्हणून पुढच्या मजकुरात सर्वांत जास्त जागा उताराला दिली आहे. सपाट रस्त्यावर न थांबता अर्धा तास आरामात पळता येत असेल, तर इथून सुरुवात करता येईल. ते जमत नसेल तर आधी महिनाभर मैदानावर किंवा रस्त्यावर ते जमवा आणि टेकडी तोवर चालत चढा. चालण्याचाही पुढे उपयोग होतो.

पायाखाली काय आहे

टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे आणि पायथ्याचे रस्ते त्याच्या साधारण २०० मीटर खाली. लॉ कॉलेज रस्त्यावरची कांचन गल्ली, चतुःशृंगी, गोखलेनगर, पाषाणची पंचवटी आणि कोथरूड अशा सगळ्या बाजूंनी वाटा वर येतात. काही मिनिटांच्या चढानंतर बऱ्यापैकी सपाट पठार लागतं. त्यावर वेताळबाबाचं मंदिर आणि दगडाची जुनी खाण, या दोन खुणा पक्क्या लक्षात ठेवायच्या.

पळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथली जमीन. खाली दख्खनचा टणक काळा बेसाल्ट आणि त्यावर मुरमाचा पातळ थर, कुठे बोटभर तर कुठे त्याहूनही कमी. कोरड्या दिवसांत हा मुरूम कातळावर सुटा पडलेला असतो आणि पायाखाली छर्ऱ्यांसारखा गडगडतो. बुटाचे दात कितीही खोल असले तरी ते रुतायला खाली माती नसते, म्हणून डोंगरवाटांवर पळण्यासाठीच्या महागड्या ट्रेल शूजमध्येही इथे घसरायला होतं. उपाय सोपा आहे. कोरड्यात उघडा, खडबडीत कातळ किंवा जमिनीत घट्ट बसलेला दगड शोधून त्यावर पाऊल टाका. सुट्या मुरमावर टाकावंच लागलं तर पूर्ण तळवा एकदम टेकवा.

पावसाळ्यात हे गणित उलटतं. जुलैपर्यंत कातळावर शेवाळ धरतं आणि तो साबणासारखा होतो. मुरूम मात्र पाण्याने दबून घट्ट बसतो आणि छान पकड देतो. म्हणजे कोरड्यात कातळ आणि ओल्यात मुरूम. एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी निम्मी पडापड टळते. पठारावर जिथे काळी माती आहे तिथे पावसात बुटाला चिखलाचे लादे चिकटतात. तिथे पळण्यात अर्थ नाही, कडेच्या गवताच्या बुंध्यांवरून चालत पुढे जा.

पहिला दिवस: पळायचं नाही

टेकडीवर पायवाटांचं जाळं फार दाट आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन वाटांपैकी एक तुम्हाला पंचवटीत उतरवते आणि दुसरी गोखलेनगरात, आणि गाडी तिसरीकडेच उभी असते. म्हणून पहिली फेरी दिवसाउजेडी चालत करायची. फोनवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, जीपीएस नोंद चालू ठेवा आणि प्रत्येक मोठ्या फाट्यावर थांबून मागे वळून बघा. परतीच्या दिशेने तोच फाटा वेगळा दिसतो, आणि पळताना चुकतं ते नेमकं तिथे. दिशेची ढोबळ समजही ठेवा: पूर्वेला लॉ कॉलेज रस्ता आणि डेक्कन, दक्षिणेला पौड रस्ता आणि कोथरूड, वायव्येला पाषाण आणि तिथला तलाव. हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगड आणि त्यावरचा मनोरा दिसतो.

फेरी आखताना सुरुवातीला ६ ते ७ किलोमीटर पुरेत: एका बाजूने वर, पठारावरून मंदिर आणि खाणीच्या परिसराला वळसा, आणि दुसऱ्या वाटेने खाली. खाणीच्या कडेपासून मात्र दूर राहा. कडा सरळ तुटलेला आहे आणि काठावरचा दगड सुटा असतो. खाणीत साचलेल्या पाण्यात उतरायचा विचार कोणीही करू नये.

वेळेचा अंदाज बांधायला गिरिभ्रमणातला जुना नियम चालतो: चालत ५ किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ७ किलोमीटरच्या फेरीत छोटे चढउतार धरून २५० मीटर चढ असेल, तर ८४ मिनिटं आणि २५ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडं जास्त. पाय दुखावला आणि पूर्ण फेरी चालत संपवावी लागली तर लागणारा वेळ हाच, त्यामुळे घरी सांगून निघताना हाच आकडा सांगा. पळण्यासाठी १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे सुमारे ८०० मीटर असं धरा. त्या हिशेबाने हीच फेरी सपाटीच्या ९ किलोमीटरएवढी होते. किलोमीटरला ७ मिनिटं लागणाऱ्याने तासाभराच्या आत उतरायची अपेक्षा धरू नये. घड्याळातला प्रति किलोमीटर वेग टेकडीवर झाकून ठेवलेलाच बरा. तो बघून चढावर जोर लावणारे लोक पठारावर पोहोचेपर्यंत संपलेले असतात.

फेरी कोणत्या दिशेने करायची, याचा विचार फार कमी लोक करतात, आणि तो करायला हवा. पहिले सहा आठवडे उभ्या, दगडी बाजूने चढा आणि रुंद, सौम्य वाटेने उतरा. उभ्या चढावर तसंही चालायचंच असतं, तिथे पडण्याचा धोका कमी. उभ्या उतारावर मात्र प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि कच्च्या पायांना तो भार झेपत नाही. पाय तयार झाले की दिशा उलटा. पावसाळ्यात पुन्हा जुन्या दिशेवर या.

बूट, मोजे आणि लेस

कोरड्या ऋतूत पहिले दोन-तीन महिने रस्त्यावर पळायचे बूट चालतात, फक्त तळ गुळगुळीत झालेला नको. पुढे ट्रेल शूज घ्यायचे झाले तर तळाचे दात ४ ते ५ मिलिमीटरचे पुरेत. त्याहून खोल दात मऊ चिखलासाठी असतात. इथल्या कातळावर ते डगमगतात आणि लवकर झिजतात. दातांच्या खोलीपेक्षा रबराची पकड आणि अंगठ्यापुढचं टणक संरक्षण जास्त महत्त्वाचं. बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा सोडा. ही जागा कमी पडली की उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी होतात.

जागा बरोबर असूनही पाय पुढे सरकत असेल तर दोष लेसचा. बुटाच्या वरच्या टोकाला असलेलं शेवटचं जादा भोक बहुतेक जण रिकामं ठेवतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास करा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि पुढे घसरणं थांबतं. लेसची टोकं आडव्या लेसखाली खोचा, नाहीतर ती घाणेरीच्या फांदीत अडकतात.

मोजे सिंथेटिक, घोट्याच्या वर येणारे आणि घट्ट विणीचे हवेत. सुती मोजा ओला झाला की घासतो आणि फोड येतात. घट्ट वीण का, ते ऑक्टोबरनंतर कळतं. गवत वाळतं, कुसळं मोज्यातून आरपार शिरतात आणि प्रत्येक पावलाला टोचत राहतात. कुसळ टोचलं की तिथेच थांबून काढा, कारण ते आत आत सरकत जातं.

चढ

चढावर मोठी टांग टाकू नका. पावलं छोटी, कंबर सरळ, नजर १० पावलं पुढे, आणि पुढे झुकायचं ते घोट्यातून. कमरेत वाकलात की छाती दाबली जाते आणि श्वास उथळ होतो. हात मागे-पुढे हलवा, आडवे नकोत.

कुठे चालायचं, हे ठरवायची खूण अशी: एक पूर्ण वाक्य मध्ये श्वास न घेता बोलता आलं पाहिजे. "संध्याकाळी येताना मंडईतून मेथीची जुडी आणायची आहे" एवढं बोलून बघा. वाक्य मध्येच तुटलं की चाला. उभ्या चढावर जोरकस चालणं आणि रखडत पळणं यांच्या वेगात फारसा फरक नसतो, पण हृदयाच्या ठोक्यांत पुष्कळ असतो. फार उभं असेल तर तळहात गुडघ्याच्या थोडं वर मांडीवर ठेवून प्रत्येक पावलाला दाब द्या. चालणं म्हणजे हार, ही समजूत काढून टाका. डोंगरातल्या शर्यतींतले अनुभवी धावपटूही उभ्या चढावर चालतात.

चढ सुरू करण्याआधी १० मिनिटं सपाटीवर चाला किंवा हळू पळा. हिवाळ्यात पायथ्याला गाडी लावून थेट चढायला लागणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि टाचेमागची शीर पहिल्यांदा तक्रार करतात. पोटरी ताठ वाटत असेल तर चढताना अधूनमधून पूर्ण तळवा टेकवा, सतत चवड्यावर राहू नका. माथा आला की लगेच वेग वाढवू नका. पठारावरची पहिली दोन मिनिटं श्वास बसू द्या.

उतार

उतारावर मन सांगतं मागे झुक. मागे झुकलं की टाच पुढे पडते, टाचेखालचा मुरूम निसटतो आणि माणूस ढुंगणावर बसतो. हात मागे टेकवले तर मनगटही दुखावतं. टेकडीवरच्या पडण्याचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार. त्यामुळे पहिली सवय लावायची ती म्हणजे शरीर उताराला काटकोनात ठेवण्याची, निदान सरळ उभं तरी. पाऊल कमरेच्या खाली पडलं पाहिजे, पुढे नाही.

दुसरी सवय पावलांच्या संख्येची. मिनिटाला १७० ते १८० छोटी पावलं टाका. मोजायला सोपं जावं म्हणून १५ सेकंदांत उजवा पाय २१-२२ वेळा टेकला पाहिजे. छोट्या पावलाचा फायदा असा की एक पाय घसरला तरी त्यावर पूर्ण वजन आलेलं नसतं आणि दुसरा पाय लगेच जमिनीवर येतो. लांब टांग घसरली की सावरायला वेळच मिळत नाही.

तिसरी नजर. पायाकडे बघू नका, ३ ते ५ मीटर पुढे बघा. डोळ्यांनी आत्ता निवडलेल्या दगडावर पाय एक-दोन सेकंदांनी पोहोचतो. वेग वाढला की नजरही लांब न्या. थकल्यावर नजर सगळ्यांचीच पायाशी येते, आणि फेरीच्या शेवटच्या किलोमीटरमध्ये ठेचा लागतात त्या यामुळेच. नजर खाली आलेली लक्षात आली की वेग कमी करा.

हात कोपरात वाकवून थोडे बाहेर काढा, तोल सांभाळायला. गुडघे सैल, कधीही ताठ नाहीत. ताठ गुडघ्यावर उतरलं की सगळा हादरा सांध्यात जातो. वाट फार तुटलेली असेल तर सरळ खाली न जाता वाटेच्याच रुंदीत नागमोडी उतरा. वाट सोडून मात्र नवीन काढू नका, त्याचं कारण पुढे येईल.

हे सगळं एकदम जमत नाही, त्यासाठी सराव वेगळा करावा लागतो. ६० ते ८० मीटर लांबीचा, शेवटी सपाट जागा असलेला, मध्यम उताराचा एक तुकडा निवडा.

पहिल्या आठवड्यात चालत वर जा आणि निम्म्या ताकदीने खाली पळा, अशा ४ खेपा. सगळं लक्ष पाऊल कमरेखाली पडतंय का, यावर. दुसऱ्या आठवड्यात ६ खेपा, आणि प्रत्येक खेपेत वाटेत दोनदा पूर्ण थांबा. हवं तिथे ४-५ पावलांत थांबता येत असेल तरच तो वेग तुमचा, नाहीतर तो उताराचा वेग आहे. तिसऱ्या आठवड्यात खेपा तेवढ्याच, पण थोडी जास्त दगडाळ जागा निवडा. चौथ्या आठवड्यात ८ खेपा, शेवटच्या दोन पाय थकलेले असताना.

पहिल्या सरावानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या कडक दुखतील. हे अपेक्षित आहे, आणि ७२ तासांत बहुधा ओसरतं. दहा-पंधरा दिवसांनी तोच सराव केला तर दुखणं बरंच कमी असतं, कारण स्नायू त्या ताणाला जुळवून घेतात. म्हणूनच महिन्यातून एकदा जोरात उतरण्यापेक्षा दर आठवड्याला थोडं उतरणं चांगलं. मात्र सांध्यात किंवा एकाच बिंदूवर टोचणारं दुखणं वेगळं. उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर तिथून चालत खाली या आणि आठवडाभर उतारावर पळणं बंद ठेवा. दाबून पळत राहिलं की ते महिनोन्‌महिने पुरतं.

आठ आठवड्यांची मांडणी

आठवड्यातून दोन दिवस टेकडी, एक दिवस सपाटीवर ३० ते ४० मिनिटं सावकाश, आणि एक दिवस घरी पायांचा व्यायाम. टेकडीचे दोन दिवस लागोपाठ ठेवू नका, मध्ये निदान ४८ तास जाऊ द्या.

पहिले दोन आठवडे चढ पूर्ण चालत, पठारावर पळत आणि उतार चालत, वर सांगितलेल्या खेपा वगळून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चढावर २ मिनिटं चालणं आणि १ मिनिट पळणं, सौम्य उतार पळत. पाचव्या आठवड्यात संपूर्ण फेरी, जिथे वाक्य तुटेल तिथे चालत. सहावा आठवडा हलका, नेहमीच्या निम्माच. हा वगळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण नेमकं याच सुमारास अंगात जोर आल्यासारखं वाटतं. स्नायू लवकर तयार होतात, पण स्नायू हाडांना जोडणारे स्नायुबंध आणि हाडं एकमेकांना जोडणारे अस्थिबंध मागे असतात, आणि दुखापती याच आठवड्यांत होतात. सातव्या आठवड्यात दिशा उलटून एक फेरी आणि आठव्यात नेहमीच्या दिशेने पूर्ण फेरी.

घरचा व्यायाम २० मिनिटांचा आहे. जिन्याच्या पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरा पाय तीन मोजत खाली टेकवायचा, प्रत्येक पायाने १० वेळा, तीन फेऱ्या. उतारासाठी याहून उपयोगी दुसरा व्यायाम नाही. त्याच पायरीवर टाचा वर-खाली, १५ वेळा, तीन फेऱ्या, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून. बैठका १५ च्या दोन फेऱ्या, उतरताना सावकाश. आणि रोज दात घासताना एका पायावर ३० सेकंद, मग दुसऱ्यावर. जमायला लागलं की डोळे मिटून. घोटा मुरगळण्याआधी सावरतो तो याच सरावाने.

पाणी आणि खाणं

वर प्यायचं पाणी मिळेल असं धरून चालू नका. हिवाळ्यात तासाभरासाठी ५०० मिलिलिटर आणि उन्हाळ्यात ७५० मिलिलिटर पाणी जवळ हवं. हातातली बाटली उतारावर तोल बिघडवते आणि पडताना हात मोकळा राहत नाही, तेव्हा कमरेचा पट्टा किंवा छातीला घट्ट बसणारी छोटी पाठपिशवी घ्या. आपल्याला किती घाम येतो हे पाहायचं असेल तर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर पाणी गेलं. ही घट वजनाच्या २ टक्क्यांच्या आत ठेवा.

तासाभराच्या फेरीला निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा दोन-तीन खजूर पुरेत. दीड तासापुढे गेलात तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, १० ग्रॅम गुळात ९ ते १० ग्रॅम. शेंगदाण्याची चिक्की चालते, पण पळता पळता चावू नका, थांबून खा. ५०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम साखर, अर्धं लिंबू आणि १ ग्रॅमच्या आत मीठ घातलेलं सरबत विकतच्या कुठल्याही पेयाच्या तोडीचं आहे. ओआरएस घेत असाल तर १ लिटरची पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच विरघळवा. घट्ट केली तर पोटात मळमळतं आणि तहान वाढते.

ऋतू आणि वेळ

पुण्यात मे अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातनंतर. सूर्योदयाआधी १० मिनिटं चढ सुरू केला तर पठारावर उजेड मिळतो. त्याहून लवकर निघायचं असेल तर डोक्याला लावायचा दिवा २०० ल्युमेनच्या वरचा हवा आणि सोबत कोणीतरी हवंच. एकट्याने अंधारात टेकडीवर जाऊ नये, पुरुषांनीही. प्रवेशाच्या वेळा आणि सूचनांचा फलक असेल तर तो पाळा.

मार्च ते मे आठच्या आत खाली उतरलेलं असावं. टेकडीवर गिरिपुष्पाची झाडं खूप आहेत आणि त्यांची पानं नेमकी कोरड्या दिवसांत गळतात, म्हणजे सावलीची गरज असते तेव्हा सावली नसते. काळा कातळही लवकर तापतो. अंगावर शहारे येणं, डोकं दुखणं, बोलण्यात गोंधळ ही ऊन लागल्याची लक्षणं. पळणं तत्काळ थांबवा, सावलीत बसा, जवळचं पाणी अंगावर आणि मानेवर ओता. गोंधळ किंवा बेशुद्धी असेल तर १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करत राहा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. पठार उघडं असल्याने विजेचा धोका खरा आहे. वीज दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर ताबडतोब खाली उतरा, झाडाखाली थांबू नका.

पळण्यासाठी उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण टेकडी सर्वांत सुंदर असते ती जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सावकाश पळणाऱ्याने तेव्हाही यावं.

घोटा, कुत्रं, साप, मधमाशा

घोटा मुरगळला तर आधी दोन मिनिटं बसा. त्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या बाहेर आलेल्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर खूप दुखत असेल, तर एक्स-रे काढावा लागेल, स्वतः उतरायचा हट्ट करू नका. चालता येत असेल तर बूट काढू नका. सूज वाढली की तो परत घालता येत नाही. लेस थोडी सैल करून रुंद वाटेने चालत खाली या. जवळ एक क्रेप बँडेज, थोडा कापूस आणि पूर्ण चार्ज केलेला फोन एवढं सामान पुरतं. मदतीसाठी ११२ किंवा १०८.

कुत्रं अंगावर आलं तर पळणं थांबवा आणि चालू लागा. पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करणं हा त्याचा स्वभावच. डोळ्यांत रोखून बघू नका, पाठही फिरवू नका, तिरकं सरकत अंतर वाढवा. चावलं किंवा नखाचा ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा.

आपल्याकडच्या खडकाळ, गवताळ टेकड्यांवर घोणस, फुरसं, नाग हे विषारी साप आढळतात. गवत वाढल्यावर अरुंद वाटेने पळू नका, चढताना दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. साप दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. दंश झाला तर तो भाग हलू न देता आधार द्या, अंगठ्या आणि घड्याळ काढा, आणि सरळ प्रतिसर्पविष असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचंही नाही. दंश झालेल्या माणसाने शक्यतो चालू नये, उचलून आणावं.

आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता दूरून जा, आणि पळायला येताना उग्र वासाचं अत्तर लावू नका. माशा उठल्या तर हात झटकत बसू नका. तोंड टीशर्टने झाकून शक्य तितक्या लांब पळा. या एका प्रसंगी वेगाचा विचार करायचा नाही.

टेकडी आणि बाकीचे लोक

सकाळी टेकडीवर चालायला येणारे लोक पळणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि त्यांतले बरेच ज्येष्ठ. मागून एकदम जवळून गेलात तर दचकून तोल जातो. दहा पावलं आधी "काका, उजवीकडून येतोय" किंवा "काकू, जरा वाट द्या" एवढं म्हणा आणि जाताना वेग कमी करा. अरुंद वाटेवर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने थांबायचं. कानात गाणी नकोत, फार तर एका कानात. मागून येणारी हाक आणि वाळक्या पानांतली सळसळ, दोन्ही ऐकू आली पाहिजेत.

वळण टाळून सरळ खाली उतरायची आडवाट काढू नका. दहा माणसं एका जागेवरून गेली की गवत मरतं, मग पहिल्याच मोठ्या पावसात तिथून पाणी धावतं आणि दोन पावसाळ्यांत चर पडतो. मुरमाचा जो थर वर सांगितला, तो बोटभरच आहे. तो वाहून गेला की तिथे पुन्हा गवतही उगवत नाही. पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर आणि त्यांचे बांध यांवरून उड्या मारू नका. वाळक्या गवताच्या दिवसांत वणवा दिसला तर १०१ ला कळवा, वाऱ्याची दिशा बघून उलट्या बाजूने खाली उतरा.

एकाच्या दोन फेऱ्या

तीन आठवडे लागोपाठ पूर्ण फेरी करून दुसऱ्या दिवशी जिना दुखल्याशिवाय उतरता आला, तर दुसऱ्या फेरीचा विचार करा. सुरुवातीला पहिली फेरी नेहमीची आणि दुसरी पूर्ण चालत. दुसऱ्या उताराला आधीच्या निम्मा वेग ठेवा, कारण थकलेली मांडी ब्रेक उशिरा लावते. दोन फेऱ्या जमल्या की सिंहगडाची पायवाट आवाक्यात येते. गडाखालच्या आतकरवाडीहून वर जाताना जवळपास ६०० मीटर चढ आहे, म्हणजे पायथ्यापासून वेताळ टेकडी तीनदा. तिथेही पहिल्यांदा जाल ते चालत आणि कोरड्या दिवशी, आणि परत येताना पायवाटेऐवजी गाडीरस्त्याने. पायवाटेवरून पळत उतरायचं ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला, सकाळी लवकर, गर्दी सुरू होण्याआधी.